मदत हवी आहे: ६७व्या वर्षी मूत्रपिंडासाठी नाव नोंदवावे का?

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. माझे मामा ६७ वर्षांचे असून दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतात. दिवसाचे पाणी मामी सकाळीच तांब्यात मोजून ठेवते आणि भातावर हुमण घालतानाही तिचा हात आखडतो. रक्ताच्या नात्यात योग्य दाता मिळाला नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवण्याची ६५ वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली, त्यामुळे नोंदणीचा मार्ग मोकळा आहे. मामा मात्र म्हणतात, "माझ्या वाट्याचे एखाद्या पंचविशीतल्या पोराला मिळू दे."

हा त्याग आहे की नुसता थकवा, हे मला उमगत नाही. वय हाच निकष धरला, तर आयुष्यभर राबलेल्या माणसाचा हक्क आपण कमी लेखतो. प्रतीक्षेचा काळच तेवढा मोजला, तर अवयव अधिक वर्षे कुठे टिकेल हा प्रश्न बाजूला पडतो. (पैशाचा विषय मी मुद्दाम काढत नाही.)

प्रतीक्षा यादीत वय आणि डायलिसिसचा काळ यांना प्रत्यक्षात किती वजन असते, हे कोणी जाणकार सांगतील का? आणि ज्यांच्या घरी असा निर्णय झाला, त्यांनी रुग्णाचा नकार मानला की समजूत घातली?