"छान, चालू ठेव" याच्या पुढचा अभिप्राय कसा मिळवायचा? (क्रिकेट समालोचन)

नवखा_माइक
रेडिओसाठी क्रिकेट समालोचनाचा सराव सुरू आहे. एक ज्येष्ठ समालोचक क्लिप ऐकतात आणि दरवेळी "छान, चालू ठेव" म्हणतात. हुरूप येतो, पण नेमकं काय सुधारायचं ते कळत नाही. दुसरं म्हणजे निवडीसाठी पाठवायचा नमुना किती मिनिटांचा असावा? मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालेल का?

तिसरी_स्लिप
अर्ध्या तासाची फाइल पाठवून "कसं वाटलं?" विचारलं की "छान"च येणार. ऐकणारा दोन मिनिटं ऐकतो आणि पाठ थोपटतो. त्याऐवजी एकच षटक पाठवा, वेगवान गोलंदाजाचं, म्हणजे साधारण चार मिनिटं. सोबत एकच प्रश्न: "१:४० ला चेंडू कुठे गेला ते कळतं का?" याला "छान" हे उत्तर देताच येत नाही.

पाठवण्याआधी तीच क्लिप कागद-पेन्सिल घेऊन स्वतः ऐका. धावसंख्या सांगितली की एक रेघ, "जबरदस्त", "अप्रतिम" आलं की दुसऱ्या रकान्यात रेघ. नवशिक्यांचा दुसरा रकाना भरलेला असतो आणि पहिल्यात कशीबशी एक रेघ. अमेरिकेतले बेसबॉल समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू खाली आली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचं. रेडिओ मध्येच लावणाऱ्याला सगळ्यात आधी तेच हवं असतं. क्रिकेटमध्ये षटकाच्या सुरुवातीला, शेवटी आणि धाव निघाली की लगेच, एवढं पाळलं तरी पुरतं.

आता हे वाक्य बघा: "गोलंदाज आला, चेंडू टाकला आणि काय सुंदर फटका, चौकार!" यात टप्पा नाही, दिशा नाही. "आखूड, ऑफस्टंपबाहेर, कट केला, पॉइंटच्या डावीकडून, क्षेत्ररक्षक मागे धावतोय, नाही पोहोचणार, चार. ३ बाद ११६." विशेषण एकही नाही, तरी चित्र उभं राहतं.

आणखी एक. गोलंदाज धावायला लागतानाच आवाज टिपेला नेला तर बळी पडल्यावर वर जायला जागा उरत नाही. चेंडू बॅटला लागेपर्यंत बोलण्याच्या पट्टीतच राहा.

ध्वनीवाला
मोबाइल चालेल, पण त्याचा स्वतःचा माइक नको. तो गर्दी आणि वारा तुमच्याइतकाच जोरात पकडतो. हेडसेटचा माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर, थोडा बाजूला. अगदी समोर धरला तर "प", "फ", "भ" वर हवेचा धक्का बसतो. फोमची टोपी हवीच. रेकॉर्डिंगची पातळी सर्वसाधारण बोलण्यावर लावू नका, ओरडून बघा आणि तेव्हा काटा उणे ६ डेसिबलच्या खाली राहील अशी ठेवा. फाटलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. व्यावसायिक समालोचक कोल्स ४१०४ सारखा लिप माइक वापरतात. त्याची पट्टी वरच्या ओठाला टेकवायची असते, त्यामुळे अंतर बदलतच नाही.

नमुना तीन ते पाच मिनिटांचा. पहिले ३० सेकंद सर्वोत्तम, पण नुसते बळी आणि षटकार जोडू नका. काहीच न घडलेलं एक षटकही घाला, निवडणारे लोक तेच ऐकतात. टीव्हीवरच्या सामन्याच्या चित्रावर आवाज चढवून जाहीर टाकलंत तर कॉपीराइटमुळे क्लिप उतरवली जाऊ शकते. आयोजकांची परवानगी घेऊन मैदानावरच रेकॉर्ड करा.

जुनं_स्कोअरबुक
बार्बरचं नाव निघालंच आहे तर: नंतर नावाजलेले बेसबॉल समालोचक विन स्कली १९५० मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाच्या समालोचन कक्षात आले ते बार्बरमुळेच. आदल्या वर्षी बोस्टनच्या फेनवे पार्कच्या छतावर, थंडीत उभं राहून, स्कलींनी अमेरिकन फुटबॉलचा सामना सांगितला होता आणि गैरसोयीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बार्बरना ते भावलं. पण हे गुरू गोड बोलणारे नव्हते. सामन्याआधी बिअर घेतली म्हणून त्यांनी स्कलींना झापलं होतं. दुसऱ्या समालोचकांना ऐकू नकोस, नाहीतर तुझा स्वतःचा आवाज हरवेल, असंही बजावलं. १९५३ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, स्कलींनी सांगितली तेव्हा ते २५ वर्षांचे होते, आणि पुढे डॉजर्ससोबत एकूण ६७ हंगाम केले.

म्हणून तुमच्या सरांना सरळ विचारा, "या क्लिपमधलं एक वाक्य काढायचं तर कोणतं काढाल?" कौतुक करणाऱ्या माणसाला चूक दाखवायला संकोच वाटतो, पण कात्री हातात दिली तर तो चालवतो. महिन्याभराने तीच खोड सुधारून नवी क्लिप पाठवा आणि जुनीही जोडा.

नवखा_माइक
आभार. टीव्हीसाठीही हेच नियम?

तिसरी_स्लिप
नाही, जवळजवळ उलटे. तिथे चेंडू दिसतो, स्कोअर पडद्यावर असतो. "बॅट्समनने कट केला" हे प्रेक्षकाला माहीतच आहे, का केला ते सांगा. सरावासाठी एक षटक रेकॉर्ड करा, बोललेलं लिहून काढा आणि चित्रात दिसलेली प्रत्येक गोष्ट त्यातून खोडा. उरेल तेवढंच बोला. पहिल्या वेळी बहुतेक दोन-तीन वाक्यंच उरतात.