रॉटवायलरची बदनामी कितपत खरी? घरात लहान मूल असताना असा कुत्रा आणावा का?

टिळकवाडीची गृहिणी

नमस्कार. माझ्या दिरांचे निपाणीजवळ मळ्यात घर असून तेथे राखणीसाठी त्यांनी रॉटवायलर जातीचा नर पाळलेला आहे. आता ते नोकरीनिमित्त पुण्याला जात आहेत. तेथील सदनिकेत एवढा मोठा कुत्रा ठेवता येणार नाही, म्हणून तो आम्ही बेळगावला आणावा अशी त्यांची इच्छा आहे. आमचे घर स्वतंत्र आहे, मागे परसूही आहे. पण घरात दुसरीत शिकणारा मुलगा आहे आणि सासूबाई काठी टेकत चालतात.

गल्लीत ही गोष्ट कळल्यापासून शेजारी अस्वस्थ आहेत. समोरच्या काकांनी तर या जातीवर सरकारची बंदी आहे असेच सांगितले. माझे यजमान म्हणतात की जात कधीच वाईट नसते, मालक वाईट असतो. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. सगळी भीती निराधार असती तर ती नेमकी याच जातींभोवती का गोळा झाली असती? आणि ती पूर्ण खरी असती तर माझ्या जाऊबाईंनी या कुत्र्याशेजारी बसून भाजी निवडली नसती. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खानापूर तालुक्यातील पशुवैद्य

ताई, लोकांच्या मनात येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या आहेत. कुत्रा किती चटकन चावतो ही एक, आणि चावला तर किती इजा होते ही दुसरी.

पहिल्या गोष्टीबाबत जातीवरून फारसे भाकीत करता येत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि त्यांपैकी अनेक कुत्र्यांची जनुकीय तपासणी करून २०२२ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीमुळे स्पष्ट होतो असे आढळले. कुत्रा किती लवकर चिडतो या गुणाचा तर जातीशी संबंध अगदीच क्षीण निघाला. माझ्या दवाखान्यातही तपासणीच्या टेबलावर सर्वांत जास्त सावध मी लहान, घाबरट, मांडीवर वाढलेल्या कुत्र्यांपाशी असतो; त्यांच्या चाव्याची कोणी तक्रार करत नाही, कारण जखम छोटी असते.

दुसऱ्या गोष्टीबाबत मात्र जात महत्त्वाची आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. रॉटवायलर नराचे वजन ५० किलोच्या आसपास असते. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २३८ मृत्यूंचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांत किमान २५ जातींचे कुत्रे आढळले, पण निम्म्याहून अधिक मृत्यू पिटबुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर यांच्याशी निगडित होते. हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवावे लागते की त्या देशात कोणत्या जातीचे एकूण किती कुत्रे आहेत याची नेमकी मोजदाद नव्हती, त्यामुळे एका कुत्र्यामागे धोका किती हे त्यावरून काढता येत नाही. तरीही जड देहाच्या आणि भक्कम जबड्याच्या कुत्र्याचा एक चावासुद्धा जीवघेणा ठरू शकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

आता या जातीचा पूर्वेतिहास. जर्मनीतील रॉटवाइल या गावच्या खाटकांकडे हे कुत्रे गुरे हाकण्याचे, गाडी ओढण्याचे आणि राखणीचे काम करीत. गुराला अंगाने ढकलून वाटेवर आणणे हे त्यांचे काम होते, म्हणून आजही रॉटवायलर माणसाला अंगाने रेटतो. हा हल्ला नसतो, पण काठी टेकत चालणाऱ्या वृद्धेला पाडायला तो पुरेसा असतो. अनोळखी माणसाविषयी सावधपणा आणि आपल्या जागेची राखण हेही त्याच्यात पिढ्यान्‌पिढ्या जोपासले गेले. १९१० साली जर्मनीत या जातीला पोलिसी कामासाठी मान्यता मिळाली, तीही याच गुणांमुळे. हा दोष नाही, स्वभाव आहे, आणि तो ओळखून वागवला नाही तर त्रासदायक होतो.

बदनामीचे आणखी एक कारण मला फार खटकते. मी शाळेत असताना लोक अल्सेशियनला घाबरत, नंतर डॉबरमनला, त्यानंतर रॉटवायलरला आणि आता पिटबुलला. एखादी जात भयंकर म्हणून गाजली की ज्याला भयंकर कुत्रा हवा तो नेमकी तीच शोधतो. पिल्ले विकणारे आईबापांचा स्वभाव न पाहता भराभर वेत काढतात. दोन महिन्यांचेही न झालेले पिल्लू आईपासून तोडून विकले जाते आणि विकत घेणारा त्याला चिडके व्हावे म्हणून मुद्दाम साखळीला बांधून ठेवतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतच्या काळात पिल्लाला माणसे, मुले, वाहने, इतर जनावरे यांची सवय व्हावी लागते. तो काळ एकट्याने बांधलेल्या अवस्थेत गेला की पुढे प्रत्येक अनोळखी गोष्ट त्याला धोका वाटते. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना करणारा जो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला, त्यात नर असणे, नसबंदी न होणे आणि अंगणात साखळीने बांधलेले असणे या गोष्टींचा चाव्याशी संबंध दिसला. त्यातील आघाडीच्या जाती होत्या जर्मन शेफर्ड आणि चाऊ चाऊ.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर या एका कुत्र्याकडे पाहूनच देता येईल. तो पिल्लू असताना कोठून आणला, दिवसा बांधलेला असतो का, नसबंदी झाली आहे का, लहान मुलांची सवय आहे का आणि खाताना कोणी जवळ गेले तर काय करतो, हे कळवावे.

वडगावची शिक्षिका

डॉक्टरांच्या लेखनाविषयी आदर ठेवून मला वेगळे मत मांडायचे आहे. डेन्व्हर शहरात १९८९ पासून पिटबुलवर बंदी होती. ज्या जातीचे कुत्रे शहरात कायद्याने ठेवताच येत नव्हते ती जात यादीत वर आली नाही, यावरून ती निर्दोष ठरत नाही. अशा उदाहरणांनी पालकांची दिशाभूल होण्याची शक्यता असते.

माझा मूळ मुद्दा मात्र निराळा आहे. लखनौमध्ये जुलै २०२२ मध्ये घरातल्याच पिटबुलने ८२ वर्षांच्या वृद्धेचा जीव घेतला. घरच्या माणसांशी वर्षानुवर्षे नीट वागलेला कुत्रा एका दिवशी असे का वागला, याचे उत्तर नंतर कोणी कितीही शोधले तरी गेलेला जीव परत येत नाही. चुकीची किंमत जिथे एवढी मोठी असते तिथे 'बहुतेक कुत्रे चांगलेच असतात' हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. सात वर्षांचे मूल पळते, किंचाळते, झोपलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पडते. त्याला दर वेळी आवरायला मोठे माणूस जवळ असतेच असे नाही. लहान कुत्र्याच्या बाबतीत एखादा क्षण चुकला तर टाके पडतात. या कुत्र्याच्या बाबतीत काय होईल हे डॉक्टरांनीच वर लिहिले आहे. जातीवर अन्याय होऊ नये हे मला मान्य आहे, पण त्या न्यायाचा भार आपल्या मुलावर टाकण्याचा अधिकार आईबापांना नाही असे मला ठामपणे वाटते.

रायबागचा शेतकरी

आमच्या भागात बदनामीचा अनुभव वेगळ्या कुत्र्याच्या वाट्याला येतो. आम्ही मुधोळ कुत्रे पाळतो. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी या जातीला आश्रय देऊन ती टिकवली. २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले, तिम्मापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे आणि लष्कराच्या मीरत येथील केंद्रातही या कुत्र्यांना प्रशिक्षण दिले गेले. एवढा मान असूनही वस्तीवर हा कुत्रा आला की बाया मुलांना घरात घेतात, कारण तो शिकारी म्हणून ओळखला जातो.

तो शिकारी आहे हे खरेच आहे. नजरेच्या टप्प्यात ससा पळाला की तो हाक ऐकत नाही, आणि मोकळा सुटलेला मुधोळ धनगराच्या कळपात घुसून कोकरू मारतो, हेही आमच्याकडे घडलेले आहे. म्हणजे बदनामीला आधार आहे. पण पळणाऱ्या प्राण्यामागे धावणे आणि माणसावर राग धरणे यांचा परस्परांशी संबंध नाही. माणसांच्या बाबतीत हा कुत्रा लाजाळू, अंतर राखून राहणारा असतो आणि परक्याने अंगावर हात टाकलेला त्याला आवडत नाही. हे माहीत असलेला मालक त्याला कळपाच्या वाटेवर साखळीतून सोडत नाही आणि पाहुण्यांना त्याला कुरवाळू देत नाही. रॉटवायलरचेही असेच असावे असे डॉक्टरांचे वाचून वाटले: लोकांनी कुत्र्यातील खरा गुण पाहिला आणि त्याला चुकीचे नाव दिले.

शिक्षिकाताईंना एवढेच सांगतो की आमच्याकडे मुलांना ज्या कुत्र्यांनी चावले ते बहुतेक साधे गावठी कुत्रे होते, आणि रेबीज काही जात पाहून होत नाही. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तंबाखू लावून घरी बसणारी माणसे अजूनही आहेत, म्हणून विषय थोडा सोडून हे लिहिले.

चिकोडीचे वकील

बंदीविषयी थोडक्यात लिहितो, कारण गल्लोगल्ली चुकीची माहिती फिरत आहे. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना परिपत्रक पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो आर्जेन्टिनो इत्यादी २३ जातींच्या विक्रीला आणि पैदाशीला परवाने देऊ नयेत, तसेच आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी असे कळवले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले गेले हे त्यामागील मुख्य कारण होते. सरकारने सर्वांचे ऐकून घेऊन नवा निर्णय घेण्यास न्यायालयाची मनाई नाही. तेव्हा समोरच्या काकांनी ऐकलेली बातमी मुळात खरी होती, पण तिचा पुढचा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही.

जातीवरील बंदीचा परदेशांतील अनुभवही एकसारखा नाही. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने चार जातींवर निर्बंध घातले आणि अलीकडे त्यांत एक्सएल बुलीची भर घातली. नेदरलँड्सने मात्र १९९३ पासूनची पिटबुलबंदी २००८ साली उठवली, कारण तिच्यामुळे चाव्यांचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही.

आपल्याकडे जात कोणतीही असो, जबाबदारी मालकाची आहे. आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची खबरदारी निष्काळजीपणाने न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्रा आणायचाच झाल्यास नोंदणीविषयी महानगरपालिकेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी आणि लसीकरणाचे कागद जपून ठेवावेत.

टिळकवाडीची गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. दिरांना विचारून माहिती घेतली. कुत्रा चार वर्षांचा आहे. तो अगदी लहान असताना एका विक्रेत्याकडून घेतला. त्याचे आईबाप कोणी पाहिलेले नाहीत. दिवसभर गोठ्याजवळ साखळीला असतो आणि रात्री मोकळा सोडतात. नसबंदी झालेली नाही. जाऊबाईंशी अत्यंत प्रेमाने वागतो, पण मळ्यात मुले नसल्याने त्याला मुलांची सवय नाही. भाकरीच्या ताटलीजवळ गडी गेला तर गुरगुरतो. आजवर चावलेला मात्र नाही. गुरगुरल्याबद्दल दीर त्याला मारत असत, आता तो पूर्वीपेक्षा कमी गुरगुरतो असे ते म्हणाले.

खानापूर तालुक्यातील पशुवैद्य

ताई, शिक्षिकाबाईंनी डेन्व्हरविषयी काढलेली त्रुटी रास्त आहे. पिटबुलबद्दल त्या अभ्यासावरून काहीच ठरवता येत नाही. साखळीबद्दलचे निरीक्षण मात्र त्यामुळे बाद होत नाही, आणि आपल्या उत्तरात नेमकी तीच गोष्ट आहे.

आपल्या शेवटच्या वाक्याने मला सर्वाधिक काळजी वाटली. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली सूचना असते. मार खाऊन त्याने ती देणे कमी केले याचा अर्थ त्याची अस्वस्थता कमी झाली असा होत नाही. पुढच्या वेळी तो सूचना न देता चावण्याची शक्यता वाढते. मुलांची सवय नाही, अन्नाजवळ असुरक्षित वाटते, सूचना दडपली गेली आहे आणि वजन ५० किलो आहे, ही सर्व परिस्थिती एकत्र पाहता हा कुत्रा सध्या आपल्या मुलाच्या घरात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हाच पूर्वेतिहास लॅब्राडोरचा असता तरी मी हेच लिहिले असते. उलट मुलांमध्ये वाढलेली, नसबंदी झालेली आणि शिकवलेली रॉटवायलर मादी असती तर काही अटी घालून मी होकार दिला असता.

पण या जनावराला वाऱ्यावर सोडू नका. चार वर्षांचा कुत्रा शिकू शकतो. दिरांना पुण्याला जाण्यापूर्वी नसबंदी करून घ्यायला सांगा, दिवसाची साखळी काढून कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत ठेवायला सांगा आणि ताटलीजवळ जाताना काही काढून न घेता लांबूनच अधिक चांगला तुकडा टाकत राहण्याची सवय गड्याला लावायला सांगा. मूल नसलेले, मोठ्या कुत्र्याचा अनुभव असलेले घर त्याच्यासाठी शोधावे लागेल. खानापूर आणि बेळगाव भागात अशी दोन कुटुंबे माझ्या परिचयाची आहेत. दिरांची तयारी असेल तर मला येथे निरोप द्या, कुत्र्याला प्रत्यक्ष तपासल्यावर मी त्यांच्याशी बोलेन. दिरांनी येताना त्याच्या तोंडाला जाळी बांधावी, आणि ती सवयीची व्हावी म्हणून आदल्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ खाऊ देत बांधून पाहावी.