जानेवारीत ६ अंशांच्या पाण्यात डाइव्ह: सूट, रेग्युलेटर, वजन याबद्दल सल्ला हवा

वेंगुर्ल्याची_लाट

नमस्कार मंडळी. मी तारकर्लीला ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड हे डायव्हिंगचे कोर्स केले, पुढे नेत्राणीलाही थोड्या डाइव्ह झाल्या. सगळं २८ अंशांच्या पाण्यात, ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये. आता नोकरीसाठी लेस्टरला आले आहे. इथल्या क्लबची मंडळी हिवाळाभर स्टोनी कोव्हला, म्हणजे पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत, डाइव्हला जातात आणि जानेवारीत मलाही चल म्हणताहेत. पाणी ५-६ अंश असतं म्हणे.

माझ्याकडे ५ मिलिमीटरचा वेटसूट (आत पाणी शिरतं तो), मुंबईत घेतलेला पिस्टनवाला रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारा), जॅकेट बीसीडी (तरण सांभाळायला हवा भरायचं जाकीट) आणि बंद टाचेचे फिन्स आहेत. रेग्युलेटर योक क्लॅम्पचा, म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हवर शिकंज्याने आवळायचा आहे. हाताशी हजार पाउंड. यातलं काय चालेल आणि आधी काय घ्यावं? ७ मिलिमीटरचा वेटसूट घेऊन एक हिवाळा निभावता येईल का? आणि ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येणारा सूट, घ्यायचाच तर निओप्रीनचा (बुडबुडे असलेल्या रबराचा) की ट्रायलॅमिनेट (पातळ तीन थरांच्या कापडाचा)? दोन दुकानांत दोन उत्तरं मिळाली.

पाणबुड्या_ग्लासगो

ताई, जानेवारीसाठी वेटसूटचा विचार सोडून द्या. ७ मिलिमीटरचासुद्धा. निओप्रीनची ऊब त्यातल्या बुडबुड्यांत असते. २० मीटरवर दाब तिप्पट होतो, बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो आणि नेमकी जिथे गरज आहे तिथे ऊब कमी पडते. शिवाय डाइव्ह संपल्यावर ओल्या सूटमध्ये वाऱ्यात उभं राहायचं असतं, ते पाण्यापेक्षा वाईट. मी इथे लॉख लाँग आणि लॉख फाइन या खाड्यांमध्ये वर्षभर जातो. हिवाळ्यात वेटसूट घालून आलेली मंडळी दुसऱ्या डाइव्हला गाडीतच बसून राहतात.

निओप्रीन की ट्रायलॅमिनेट, यात मी ट्रायलॅमिनेटच्या बाजूने आहे. त्याला स्वतःची ऊब जवळपास नसते, तो स्वेटरवर घातलेला रेनकोट समजा. ऊब आतल्या अंडरसूटची. म्हणून लोक भारी सूट घेतात आणि आत साधा ट्रॅकसूट घालतात, ते मला पटत नाही. पैसे अंडरसूटवर घाला. ५-६ अंशांना चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या थिन्सुलेटचा (ऊब धरणाऱ्या कृत्रिम धाग्याचा) अंडरसूट, त्याच्या आत मेरिनो किंवा पॉलिएस्टरचा अंगालगतचा थर. सुती बनियन अजिबात नको. सामान चढवताना घाम येतो, कापूस तो धरून ठेवतो आणि मग पाऊण तास तोच ओलावा अंगाला गार करत राहतो. उन्हाळ्यात तोच सूट २०० ग्रॅमच्या अंडरसूटवर चालतो. निओप्रीनच्या ड्रायसूटला ही मुभा कमी, आणि खोलीवर त्याची तरणक्षमता बदलते ती वेगळीच.

सूट वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण तीन जागा स्वतःच्या बोटांनी तपासा. पहिली झिप. पूर्ण उघडा, पाठीमागून उजेड धरा, दात वाकडे किंवा कापड विरलेलं दिसलं तर सोडून द्या, कारण झिप बदलणं महाग पडतं. दुसरी मनगटाची आणि गळ्याची सील. लेटेक्स ताणून बघा. चिकट लागलं किंवा बारीक भेगा दिसल्या तर ते संपलेलं आहे. सील बदलता येतात, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. तिसरी डाव्या दंडावरचा हवा सोडायचा डंप व्हॉल्व्ह. तो फिरवून बघा, मिठाने जाम झालेला असतो.

मापाबद्दल एक सांगतो. अंडरसूट घालूनच सूट घालून बघा, मग खाली बसा, दोन्ही हात डोक्यामागे न्या. टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. उभं राहून आरशात छान दिसणारा सूट पाण्यात हात वर करू देत नाही. आणि गळ्याचं सील घट्ट असेल तर दुकानातच पाच-दहा मिनिटं घालून थांबा. डोकं हलकं वाटलं, चेहरा लाल झाला तर ते मानेच्या रक्तवाहिन्या दाबतंय. लेटेक्स असेल तर एकेक कडी कापत मोठं करता येतं, पण एका वेळी एकच.

आता रेग्युलेटर, आणि इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. तुमच्या फर्स्ट स्टेजवर, म्हणजे रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागावर, बारीक अक्षरांत काय कोरलंय ते बघा. युरोपच्या ईएन २५० मानकात १० अंशांखालचं पाणी थंड धरतात आणि तिथे चालणाऱ्या रेग्युलेटरची चाचणी ४ अंशांच्या पाण्यात होते. तेवढी क्षमता नसलेल्यावर ‘>१०°से’ अशी खूण असते. उघडा पिस्टन असेल तर बहुधा ती दिसेलच.

हे का महत्त्वाचं, तर टाकीतली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये एकदम दहा बारच्या आसपास उतरते. पसरणारी हवा गार होते आणि धातू शून्याच्या बराच खाली जातो. भोवतीचं पाणी ६ अंशांचं, उघड्या पिस्टनमध्ये ते स्प्रिंगपर्यंत शिरलेलं. तिथे बर्फ धरला की पिस्टन उघडा अडकतो, दाब वाढतो, तोंडातली सेकंड स्टेज सुटते आणि हवा आपोआप वाहू लागते (फ्री फ्लो). जास्त हवा वाहिली की आणखी गार, म्हणजे आणखी बर्फ. १२ लिटरच्या टाकीत २०० बारला २४०० लिटर हवा असते. फ्री फ्लोमध्ये ती काही मिनिटांत संपते. म्हणून सील केलेला डायफ्रामवाला (पडद्याचा) फर्स्ट स्टेज घ्या, ज्यात स्प्रिंगला पाणी लागतच नाही, आणि सेकंड स्टेजमध्ये धातूचा भाग जितका जास्त तितकं बरं. धातू पाण्यातली उष्णता आत आणतो. निव्वळ प्लास्टिकमध्ये तुमच्या श्वासातली वाफ लिव्हरवर गोठते. जोडणी डिनची, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणारी, घ्या. इथल्या बऱ्याच टाक्यांच्या व्हॉल्व्हमधला इन्सर्ट काढला की डिन बसतो.

गोड्या पाण्याची एक गोष्ट लक्षात असू द्या. खारं पाणी गोठायला उणे दोनच्या जवळ जावं लागतं, खाणीतलं किंवा तळ्यातलं शून्यालाच गोठतं. म्हणून स्टोनी कोव्ह रेग्युलेटरच्या दृष्टीने ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लोच्या समुद्रापेक्षाही कडक. तुम्हाला पुढे ऑर्कनीला जाऊन १९१९ साली बुडवलेल्या जर्मन आरमाराची जहाजं बघायची असतीलच, तिथेही हेच सामान चालेल.

सवयींनी अर्धं काम होतं. काठावर गार हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेत बसू नका. तोंडात धरून पाण्यात शिरा आणि मग सुरू करा. पर्ज बटण (सेकंड स्टेजमधून हवा सोडणारं) जोरात दाबायचं नाही. बीसीडी किंवा सूटमध्ये हवा भरताना त्याच क्षणी श्वास ओढू नका, आणि हवा छोट्या टिचक्यांत भरा.

तळ्यातमळ्यात

मी झुरिकला असतो. वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, फक्त एक भर. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, त्यामुळे खोल तळ्याच्या तळाशी ऑगस्टमध्येही ४-५ अंशच असतात. वर पोहणारी मुलं आणि खाली हिवाळा. इथे कितीही चांगला रेग्युलेटर असला तरी आमच्यात एकावर कोणी विसंबत नाही. टाकीला दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह, त्यावर दोन फर्स्ट स्टेज. एक गोठला की तो व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसऱ्यातून श्वास घ्यायचा आणि वर यायचं. बीसीडीचा आणि सूटचा होज वेगवेगळ्या फर्स्ट स्टेजवर लावा, म्हणजे एक बंद केला तरी तरण सांभाळायला एक साधन उरतं.

तुम्ही आत्ताच दोन घ्या असं म्हणत नाही, पण टाकी विकत घेणार असाल तर दोन व्हॉल्व्हचीच घ्या.

पाणबुड्या_ग्लासगो

@तळ्यातमळ्यात, पद्धत उत्तम आहे, मात्र एक अट घालीन. जाड ग्लोव्ह्ज घालून, न बघता, तो व्हॉल्व्ह बंद करण्याचा सराव ६ मीटरवर आधी व्हायला हवा. सराव नसलेला माणूस चुकीचा व्हॉल्व्ह बंद करू शकतो. ताईंना पहिल्या हिवाळ्यात मी ३ लिटरची वेगळी पोनी टाकी (संकटासाठीची राखीव) सुचवीन, क्लबकडे असतेच. तिच्यावरही थंड पाण्याचाच रेग्युलेटर हवा.

टाकी वापरलेली घेतलीत तर खांद्यावरचे शिक्के वाचा. इथे अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते. तारीख उलटली असेल तर दुकानदार भरून देत नाही.

दांडी_किनारा_मालवण

बाय, मी तिकडच्या थंडीत कधी उतरलो नाही, पण इकडून गेलेल्या मुलांना काय जड गेलं ते ऐकून आहे. तुझे बंद टाचेचे फिन्स कोणाला तरी दे, ड्रायसूटच्या बुटावर ते चढायचे नाहीत. उघड्या टाचेचे, मोठ्या खणाचे, स्प्रिंगच्या पट्ट्याचे घे. मास्क आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा) मात्र तेच ठेव. चेहऱ्याला बसलेला मास्क बदलू नये. कॉम्प्युटरची बॅटरी संपण्याआधी नवी घाल, थंडीत जुनी बॅटरी लवकर मान टाकते. आणि पट्टा लांब लागेल, एवढ्या कपड्यांवर मनगट केवढं होतंय बघ.

खाली जायला पट्ट्यावर लावतात त्या शिशाच्या वजनाचं विचार. इथे तू ४-५ किलोवर उतरायचीस, तिकडे लोक १२ किलो सांगतात. ते खरं का?

वेंगुर्ल्याची_लाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रेग्युलेटर पाहिला, खूण आहेच. म्हणजे तो गोव्याच्या सुट्टीसाठी राहील.

दादांचा वजनाचा प्रश्न माझाही. आणि हातांचं काय? गेल्या रविवारी काठावर नुसती मदत करत होते, तरी बोटं बधिर झाली. पाण्यात काय होणार? गरम होणारं बॅटरीचं जाकीट घ्यावं का?

पाणबुड्या_ग्लासगो

१० ते १४ किलो हे अगदी नेहमीचं आहे. अंडरसूटमध्ये अडकलेली हवा खाली न्यायची म्हणजे तेवढं लागतं. पण दुसऱ्याचा आकडा उचलू नका. डाइव्ह संपताना टाकीत ५० बार उरले असतील तेव्हा ३ मीटरवर, बीसीडी रिकामी, सूटमध्ये अंग आवळलं जाणार नाही एवढीच हवा ठेवून स्थिर राहता येतं का बघा. सुरुवातीला टाकी भरलेली असताना मोजलंत तर शेवटी हलक्या व्हाल. १२ लिटरच्या टाकीतले १५० बार म्हणजे १८०० लिटर, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास हवा वापरली गेलेली असते. पोलादी टाकी घेतलीत तर पट्ट्यावरचं वजन घटतं. रिकामी ॲल्युमिनियमची टाकी उलट वर ओढते. सगळं वजन कमरेवर घेऊ नका, पाठ जाते. थोडं बीसीडीच्या खिशात, पण पट्ट्यावर सोडता येईल एवढं राहू द्या.

तरण मी बीसीडीने सांभाळतो आणि सूटमध्ये फक्त आवळणं थांबेल एवढी हवा घेतो. काही प्रशिक्षक पाण्याखाली सगळं सूटनेच करायला शिकवतात. तुमचा क्लब जे शिकवेल ते शिका, पण शिका नक्की. पायांत हवा गेली की पाय वर, डोकं खाली होतं आणि हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह खाली राहतो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायचं, हे तरणतलावात करून घ्या. स्टोनी कोव्हला ६ मीटरचा कट्टा त्यासाठी छान आहे. तिथे बुडवून ठेवलेली स्टेनगार्थ बोट वीसेक मीटर खोल आहे, ती कुठे पळत नाही.

हातांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बधिर बोटं म्हणजे बकल सुटत नाही, व्हॉल्व्ह फिरत नाही, बडीला (डाइव्हच्या जोडीदाराला) खूण नीट दिसत नाही. ५ मिलिमीटरचे ओले ग्लोव्ह्ज पहिल्या डाइव्हला चालतात, दुसऱ्याला नाही. कडीवर बसणारे ड्राय ग्लोव्ह्ज घ्या, आत लोकरीचे पातळ हातमोजे. मनगटाच्या सीलखाली जाड दोऱ्याचा तुकडा सरकवा, म्हणजे सूटमधली हवा ग्लोव्हमध्ये जाते आणि खोलीवर हात आवळला जात नाही. ग्लोव्ह फाटला तर त्याच वाटेने पाणी बाहीत येईल हे मात्र माहीत असू द्या, आणि तसं झालं तर डाइव्ह तिथेच संपवायची. हूड ७ मिलिमीटरचा, गळ्यापर्यंत लांब. सामानाच्या कड्या मोठ्या घ्या. घरी बसून ग्लोव्ह्ज घालून प्रत्येक बकल, प्रत्येक कडी डोळे मिटून उघडा. जी उघडत नाही ती बदला.

गरम जाकीट आत्ता नको. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटने २००७ मध्ये दाखवलं की तळाशी ऊब आणि वर येताना थंडी हा क्रम डीकम्प्रेशन आजाराच्या (वर येताना अंगात वायूचे बुडबुडे होण्याच्या) दृष्टीने सर्वांत वाईट. तळाशी जाकीट चालू आणि वर येतानाच्या थांब्यावर बॅटरी संपली, तर नेमकं तेच होतं. आधी अंडरसूट नीट करा.

हजार पाउंडांत क्रम असा लावा: नवा रेग्युलेटर, नवा अंडरसूट, उरलेल्यात वापरलेला सूट. ग्लोव्ह्ज आणि हूड त्यातच बसवा. टाकी आणि पोनी क्लबची. सूट मिळाला की झिपचा फोटो इथे टाका, मी बघतो.