पोटनिवडणूक की फेरनिवडणूक?

शाईपेन
मदत हवीये. चर्चिलच्या सुरुवातीच्या राजकारणावरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय आणि एका शब्दावर दोन दिवस अडकलेय. एप्रिल १९०८ मध्ये ब्रिटनचे नवे पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी त्याला मंत्रिमंडळात घेतलं, व्यापार खातं दिलं. तेव्हा तिकडे नियम असा की खासदार असा मंत्री झाला की त्याची जागा रिकामी, परत त्याच मतदारांपुढे जाऊन निवडून यायचं. तो मँचेस्टर नॉर्थ वेस्टमधून परत उभा राहिला आणि जॉयन्सन-हिक्सकडून ४२९ मतांनी पडला. मी 'पोटनिवडणूक' लिहिलं. लेख तपासणारे म्हणतात पोटनिवडणूक म्हणजे कोणी वारलं किंवा राजीनामा दिला तर, इथे 'फेरनिवडणूक' हवं. पण फेरनिवडणूक म्हटलं की मला तरी आधीची निवडणूक रद्द झाली असं वाटतं.

तळटीप
तुमचंच बरोबर आहे. जागा रिकामी झाली, मधेच भरली, झाली पोटनिवडणूक. कारण काय का असेना. आणि पुढचं बघा, मँचेस्टरला पडल्यावर पंधरा दिवसांत, ९ मेला, तो स्कॉटलंडमधल्या डंडीतून निवडून आला. ती जागा रिकामी झाली कारण तिथले खासदार एडमंड रॉबर्टसन लॉर्ड होऊन वरच्या सभागृहात गेले. आता एकाच परिच्छेदात एक 'फेर' आणि एक 'पोट' लिहिलंत तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

ओटीवरून
पण त्या नियमाचा गाभाच 'फेर' आहे ना! १७०७ सालचा कायदा तो, राजाने पदं वाटून खासदार फितवू नयेत म्हणून मतदारांनी पुन्हा एकदा हो म्हणायचं. १९२६ ला पूर्ण गेला. 'पोट' लिहिलं की हे सगळं पुसलं जातं. आणि मुळात पोट कशाला, उपनिवडणूक म्हणा.

तळटीप
उपनिवडणूक हे सरळ उपचुनाववरून आलंय, आपल्याकडे कोण बोलतं असं?

ओटीवरून
उपनगर, उपसभापती, उपवास हे काय हिंदीतून आले? सोसायटीच्या कागदांवर उपविधी छापलेलं असतंच की.

सातबारा
आमच्या आजोबांच्या कपाटात सोसायटीचे जुने कागद आहेत त्यावर 'पोटनियम' आहे, उपविधी नंतरचं. आजोबा तलाठी होते, त्यांच्या तोंडी कायम पोटहिस्सा, पोटखराबा. पोटखराबा म्हणजे शेताच्या आतलीच पण पिकाखाली न येणारी जमीन. माझं मत असं की पोटनिवडणूक हा शब्द याच घरातला, पाच वर्षांच्या मोठ्या निवडणुकीच्या पोटातली छोटी. जमिनीच्या कागदांनी मराठीला किती शब्द दिलेत याची कुणाला कदरच नाही.

तळटीप
पोटातली कशी, ती तर बाहेर, नंतर होते. पोटजात, पोटकलम यातलं पोट म्हणजे दुय्यम.

सातबारा
पोटकलम कलमाच्या आतच असतं हो.

मँचेस्टरकर
मी इथे बरीच वर्षं राहतोय म्हणून दोन गोष्टी. त्या निवडणुकीत तिसरा उमेदवार होता, समाजवादी डॅन आयर्विंग, २७६ मतं. त्याचं डिपॉझिट जप्त झालं असं कुठे लिहिलं असेल तर काढा, तिकडे डिपॉझिट १९१८ ला आलं. दुसरं, पबमध्ये दारू वाढणाऱ्या बायकांचं काम नव्या दारू-परवाना विधेयकाने जाईल अशी भीती होती, म्हणून बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी ईव्हा गोर-बूथ चर्चिलविरुद्ध प्रचारात उतरली, आणि तिची बहीण कॉन्स्टन्स मार्किएविच चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत शहरभर फिरली. मतदानाचा हक्क नसलेल्या बायका! लेखात हे यायलाच हवं.

शाईपेन
अनामत जप्त लिहिलं होतं, काढते, खूप आभार. घोडागाडी आहे लेखात, पण त्या बायकांना 'बारबाला' केलंय.

ओटीवरून
नको नको. तो शब्द आपल्याकडे डान्सबारला चिकटलाय, त्या पोट भरायला गिऱ्हाइकांना बिअर द्यायच्या. सरळ बारमेड लिहा.

तळटीप
उपनिवडणूक हवी म्हणणारे तुम्ही आणि इथे बारमेड चालतं? 'पबमधल्या कामगार बायका' लिहा की.

सातबारा
'गुत्त्यावरच्या बायका' का नाही? गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, म्हणजे परवान्याचाच मामला, तिथे चपखल बसेल.

मँचेस्टरकर
गुत्ता म्हटलं की हातभट्टी डोळ्यापुढे येते हो. इथले पब म्हणजे गालिचे, पितळी नळ, कोरीव काचा.

सातबारा
हातभट्टी वेगळी, गुत्ता वेगळा. गुत्ता सरकारी लिलावातला.