तपासण्यांची संख्या आणि पडताळणीचा दर्जा
वरच्या प्रतिसादात मांडलेला मुद्दा असा की, अमेरिका आणि सोव्हिएत संघ (पुढे रशिया) यांच्यातील अण्वस्त्रकपातीच्या आधीच्या स्टार्ट करारातील वर्षाला २८ तपासण्या ‘न्यू स्टार्ट’ या नव्या करारात १८ वर आल्या, म्हणून २०१० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये विरोधकांनी घेतलेला आक्षेप रास्त होता. केवळ आकड्यांवरून असा निष्कर्ष काढणे मला घाईचे वाटते. जुना करार सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर चार देशांत पसरलेल्या सुमारे ७० तपासणीयोग्य ठिकाणांना लागू होता, तर नव्या करारात रशियातील अशी ठिकाणे ३५ च होती. शिवाय जुन्या पद्धतीत क्षेपणास्त्राच्या प्रकारावरून अण्वस्त्रांची संख्या गृहीत धरली जाई. नव्या पद्धतीत निरीक्षक तळावरील एक क्षेपणास्त्र स्वतः निवडत, त्याचे टोक उघडले जाई आणि आच्छादनाखालील अण्वस्त्रे प्रत्यक्ष मोजली जात.

विरोधकांची एक तक्रार मात्र वजनदार होती. रशियातील वोटकिन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या क्षेपणास्त्रांवरील अमेरिकी निरीक्षकांचा कायमचा पहारा डिसेंबर २००९ मध्ये संपला, आणि नव्या करारात प्रत्येक क्षेपणास्त्राला दिलेला स्वतंत्र क्रमांक ही उणीव अंशतःच भरून काढत होता. तरीही २२ डिसेंबर २०१० रोजी करार ७१ विरुद्ध २६ मतांनी संमत झाला.

आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची संमती घटनेने बंधनकारक केलेली नाही. त्यामुळे अणुसंशोधन केंद्र असलेल्या ट्रॉम्बेच्या इतक्या जवळ राहूनही आपण मुंबईकर पडताळणीच्या अशा बारकाव्यांची सभागृहातील चर्चा क्वचितच ऐकतो.