हीथक्लिफ-कॅथीवर जीव टाकणारे हीथक्लिफ-इझाबेलावर का टाकत नाहीत?

रातकिडा (धागाकर्ता)

कथाकादंबऱ्यांतली विषारी जोडपी चाहत्यांना का आवडतात, यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, 'वाचणाऱ्यांची डोकी फिरलीत'. दोन, 'अहो, ते खोटं असतं, सोडून द्या'. दोन्हींतून हाताला काही लागत नाही. म्हणून एकच पुस्तक धरून बोलू: एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स', 1847.

न वाचलेल्यांसाठी: यॉर्कशरचा माळ. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेला पोरका हीथक्लिफ आणि घरची मुलगी कॅथी एकत्र वाढतात. ती लग्न करते शेजारच्या श्रीमंत एडगर लिंटनशी. हीथक्लिफ तीन वर्षं नाहीसा होतो, पैसा घेऊन परततो आणि दोन्ही घरांवर सूड उगवतो. त्यातलाच एक डाव म्हणजे एडगरची बहीण इझाबेला. तिला घेऊन तो पळून जातो आणि लग्न करतो.

आता पुरुष तोच, पुस्तक तेच. कॅथी-हीथक्लिफ या जोडीसाठी लोक पावणेदोनशे वर्षं झुरतायत. हीथक्लिफ-इझाबेला या जोडीचा एक तरी चाहता दाखवा. क्रौर्याचीच ओढ असती तर तिच्या वाट्याला ते कितीतरी जास्त आलंय. घर सोडतानाच तो तिची छोटी कुत्री रुमालाने टांगून ठेवतो. नेली दाई वेळेवर पोचते म्हणून ती वाचते.

माझं म्हणणं असं की चाहत्यांना छळ नको असतो, अपवाद हवा असतो. सगळ्या जगाला दगड असलेला माणूस एकीपाशी मेण होतो, त्या मेणाचं वेड.

तिरपागडा

मेण? पंधरावं प्रकरण पुन्हा उघडा. कॅथी मरणाला टेकलीय, शेवटची भेट आहे. तो तिचा दंड धरतो, सोडतो, आणि नेलीला त्या पांढऱ्याफटक कातडीवर चार बोटांचे निळे ठसे दिसतात. वर तो तिलाच सुनावतो की तू स्वतःच्या हाताने मेलीस. याला मेण म्हणत असाल तर दगड कशाला म्हणणार?

रातकिडा

मान्य, मेण हा शब्द मागे घेतो. पण त्याच पानावर थोडं वर बघा. तो उठायला जातो तेव्हा कॅथीने त्याचे केस मुठीत धरलेले असतात, आणि सुटतात तेव्हा काही केस तिच्या मुठीतच राहतात. म्हणजे तो तिला जेवढं दुखवू शकतो तेवढंच ती त्याला. अपवाद प्रेमळपणाचा नाही, बरोबरीचा आहे. इझाबेलाच्या मुठीत काहीच नाही. म्हणून तिकडे वाचकाला नुसता छळ दिसतो आणि इकडे झुंज.

कात्रीवाला

एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटतेय. चाहते ज्या जोडीवर भाळतात ती अख्ख्या पुस्तकातली नसतेच, कापलेल्या पुस्तकातली असते.

हिशेब करा. कादंबरीची प्रकरणं 34. कॅथी सोळाव्यात जाते. पुढच्या अर्ध्यात हीथक्लिफ कॅथीचा भाऊ हिंडली याच्या मुलाला अक्षरओळखही न देता गड्यासारखा राबवतो, स्वतःच्या आजारी पोराचा प्यादं म्हणून वापर करतो, कॅथीच्या मुलीला कोंडून तिचं बळजबरीने लग्न लावतो. 1939चा हॉलिवूडपट (लॉरेन्स ऑलिव्हिए, मर्ल ओबेरॉन) ही पुढची पिढीच गाळतो आणि कॅथीच्या मरणानंतर थोडक्यात आटपतो. बहुतेकांच्या मनातला माळरानावरचा हीथक्लिफ या कात्रीतून आलाय.

हीच कात्री हार्ली क्विन-जोकरला लागली. हार्ली, म्हणजे बॅटमॅनचा शत्रू जोकर याच्यावर भाळलेली त्याची साथीदार, 1992च्या बॅटमॅन कार्टून मालिकेत आली, पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांचं पात्र. या दोघांनीच 1994 साली 'मॅड लव्ह' हे कॉमिक केलं. ती बॅटमॅनला पकडून दाखवते, तर जोकर चिडून तिलाच खिडकीतून खाली ढकलतो. हाडं मोडून ती पडलीय, आता या माणसाशी संबंध संपला असं म्हणतेय, आणि शेजारी फुलदाणीत एक फूल दिसतं. सोबत चिठ्ठी: लवकर बरी हो. ती विरघळते. तिथे कॉमिक संपतं.

लेखकाने ते फूल शेवटी ठेवलं ते अंगावर काटा यावा म्हणून. खिडकी आधी आणि फूल नंतर, हा क्रम म्हणजेच सगळा अर्थ. चाहत्यांच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत फूल राहतं, खिडकी जाते, मागे संथ गाणं लागतं. कुणी खोटं काही जोडलेलं नसतं. नुसतं गाळलेलं असतं.

उंबरठा

कात्रीवाला, मुद्दा चांगला आहे, पण सगळा दोष चाहत्यांच्या गळ्यात का? कधी कधी दिग्दर्शकच कापून देतो.

'कबीर सिंग' (2019, 'अर्जुन रेड्डी'ची हिंदी आवृत्ती). कबीर कॉलेजात वर्गावर्गात जाऊन जाहीर करतो की ही मुलगी (प्रीती) माझी. तिला विचारत नाही. पुढे कानाखाली मारतो. आता त्याला शिक्षा कशाची होते ते पाहा. दारूच्या नशेत शस्त्रक्रिया केल्याची! परवाना जातो. प्रीतीशी जे वागला त्याचा हिशेब पटकथेत कुठेच होत नाही, उलट शेवटी ती, मूल, घर सगळं पदरात पडतं. पटकथेला कार्यकारणभाव कळत नाही असं नाही. एका गुन्ह्याची किंमत ती चोख वसूल करते. दुसरा तिला गुन्हाच वाटत नाही.

आणि बरोबरीची झुंज वगैरे इथे लागू करून दाखवा. प्रीतीच्या मुठीत कुणाचे केस आहेत? सुरुवातीच्या भागात तिला धड वाक्यंसुद्धा दिलेली नाहीत. तरी चाहते आहेतच, भरपूर आहेत. मग तुमचा सिद्धांत गेला कुठे?

रातकिडा

ते जोडीचे चाहते नाहीत, कबीरचे आहेत. प्रीतीची भूमिका नटीसकट बदलली तरी त्यांना फरक पडणार नाही. जोडीचा चाहता ओळखायची खूण सोपी: तो दोघांच्याही बाजूने भांडतो.

उंबरठा

सोयीची व्याख्या. न बसणारं उदाहरण आलं की 'ते आमच्यातले नव्हेतच'.

फुटाणे

'डर' 1993 सालचा. मागे लागणारा खलनायक, वाचवणारा सनी देओल नायक. लोक बाहेर पडताना नक्कल कुणाची करत होते? चालू द्या.

सुईदोरा

मराठीतलं एक उदाहरण या धाग्यात यायलाच हवं: तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर', 1972. नवऱ्याने टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, शिव्या घालणारा, मारणारा पुरुष. लहानपणी बापाचा मार खाऊन घरातून पळालेला, म्हणजे 'त्याच्याही मनात जखम आहे' ही पळवाटसुद्धा हजर. नाटक गाजलं, खटला गाजला. सखाराम-लक्ष्मी या जोडीवर कुणी भाळलं का? नाही. जखम दाखवली की चाहते जमतात हा समज इथेच निकालात निघतो.

का भाळत नाही? सखाराम प्रत्येकीला आल्या आल्या तेच नियम ऐकवतो. कुणी खास नाही. रातकिड्यांचा अपवाद इथे मुळातच कापलाय.

पण याहून बारीक जागा आहे. लक्ष्मी स्वयंपाकघरात एका मुंगळ्याशी बोलते, हसते. सखाराम विचारतो, कुणाशी हसत होतीस? हाच प्रसंग प्रणयकथा लिहिणाऱ्याच्या हाती द्या: तो म्हणेल, बघा, कीटकाचाही मत्सर, किती जीव आहे हिच्यावर! तेंडुलकर काय करतात? रात्री सखाराम तिला धमकावतो की मुंगळ्याशी हसलीस तशी आत्ता हस. आणि ती हसते. ते हसू प्रेक्षकाला ऐकावं लागतं. मत्सराची किंमत त्याच अंकात, त्याच बाईच्या गळ्यातून वसूल झाल्यावर त्या जोडीवर भाळायला जागाच उरत नाही.

म्हणून माझं मत रातकिड्यांपेक्षा वेगळं आहे. अपवाद हवा, बरोबर. पण आधी हवी ती लांबणीवर टाकलेली किंमत. कृत्य पाचव्या प्रकरणात, परिणाम तिसाव्यात. मधली पंचवीस प्रकरणं म्हणजे चाहत्यांचं अंगण.

कबुतरखाना

त्या पंचवीस प्रकरणांत काय चालतं त्याचं यंत्र सांगतो. मानसशास्त्रज्ञ फर्स्टर आणि स्किनर, 1957: दाणा कितव्या टोचीला मिळेल हे ठरलेलं नसलं की कबुतर सर्वात चिवटपणे टोचत राहतं. दर वेळी मिळणाऱ्या दाण्याची सवय दाणा थांबल्यावर लवकर सुटते, अधूनमधून मिळणाऱ्याची सुटता सुटत नाही. विषारी नायकाचं गोड वागणं नेमकं असं पेरलेलं असतं. तो तिच्या अंगावर शाल टाकतो, पुढे चार भाग ढुंकून बघत नाही, मग एकदा तिचं नाव हळू आवाजात घेतो. ते नाव घेणं चाहते शंभरदा पाहतात. रोज शाल टाकली असती तर कुणी पाहिलंही नसतं. मालिकांत नायक-नायिकेचं सुरळीत झालं की लेखक घाईघाईने गैरसमज, स्मृतिभ्रंश, जुळा भाऊ आणतात ते उगाच नाही.

यात दाणा वाचकाला मिळतोय, नायिकेला नव्हे. वाचक पुस्तक मिटून जेवायला उठू शकतो. कबुतर पिंजऱ्यातून उठू शकत नाही. म्हणून 'वाचकालाच असा नवरा हवाय' ही उडी मला पटत नाही.

उंबरठा

पुस्तक मिटतं, पण वाचायची सवय मिटते का? जॅनिस रॅडवे यांचं 1984चं पुस्तक याच विषयावर आहे. अमेरिकेतल्या एका गावच्या प्रणयकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून लिहिलेलं. त्यात दिसतं की नायकाचा सुरुवातीचा तुटकपणा शेवट कळल्यावर उलटा वाचला जातो: तो रागावला नव्हता, प्रेम लपवत होता. नेमकं हेच कौशल्य मला घातक वाटतं. पुस्तकात शेवट हमखास येतो, म्हणून उलटं वाचन खरं ठरतं. घरात तसा शेवट कुणी छापून दिलेला नसतो.

सुईदोरा

त्याच पुस्तकात हेही आहे की त्या बायका क्रौर्य एका मर्यादेपलीकडे गेलं की कादंबरी टाकाऊ ठरवत. म्हणजे चाळणी होती त्यांच्याकडे.

आणि हा वाचक ब्राँटेने 1847 सालीच पुस्तकात बसवून ठेवलाय. चौदाव्या प्रकरणात हीथक्लिफ इझाबेलासमोरच नेलीला सांगतो की हिने मला कादंबरीतला नायक समजून घर सोडलं, कुत्री टांगलेली बघूनही हिचे डोळे उघडले नाहीत. उलटं वाचणारी पहिली चाहती तीच. तिच्यावर तो हसतो, आणि आपण पुढची पावणेदोनशे वर्षं तिच्यासारखंच उलटं वाचत राहतो.

तिरपागडा

ही जागा भारी काढलीत. भाळणाऱ्या वाचकाला इझाबेला व्हायचं नसतं, कॅथी व्हायचं असतं. गंमत म्हणजे इझाबेलालाही तेच व्हायचं होतं.

पानसुपारी

चर्चा छान, आता थोडं कामाचं. चाहत्यांच्या कथा (फॅनफिक) वाचणाऱ्या नवख्यांसाठी. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या मोठ्या साइटवर धोक्याच्या ठरलेल्या सूचना चार: उघड हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, लैंगिक बळजबरी, अल्पवयीनांचे लैंगिक संबंध. शिवाय दोन पर्याय: 'यातलं काही लागू नाही' आणि 'लेखकाने सूचना न देण्याचं ठरवलंय'. लोक फसतात ते या शेवटच्या दोघांत गल्लत करून. दुसरा म्हणजे सुरक्षित नव्हे, त्याच्याआड चारही असू शकतात. 'डेड डव्ह: डू नॉट ईट' हा टॅग दिसला तर वर जे लिहिलंय ते खरोखरच आत आहे, शेवटी गोड होईल ही आशा धरू नये. नको ते टॅग शोधतानाच वगळता येतात; आधी वगळा, मग यादी बघा. चित्रपटगृहात ही सोय नाही, एवढा उंबरठा यांचा मुद्दा मला मान्य आहे.

लिहिणाऱ्यांसाठी: छळणाऱ्याला सुधारायचं असेल तर बहुतेक कथा तीनच ठिकाणी फसतात. माफी तो मरणाच्या दारात असताना मागितली जाते, मग तिला नाही म्हणायची सोयच उरत नाही. किंवा जिला दुखावलं तिलाच त्याची शुश्रूषा करायला लावतात. किंवा तिच्या मैत्रिणी, भाऊ, शेजारी सगळ्यांना झालेलं एकदम विसरायला होतं. तपासायचा एक उपाय: सलग तीन प्रकरणं तिला त्याच्यासमोर आणूच नका आणि तो तसाच नीट वागतो का ते लिहून बघा. लिहिताना कंटाळा आला तर समजा, तुम्हाला त्याची सुधारणा नको होती, झुंजच हवी होती. मग झुंज लिहा, टॅग खरा लावा.

फुटाणे

तीन प्रकरणं नायिका नाही? वाचक पळतील.

पानसुपारी

पळतील. म्हणून प्रकरणं छोटी ठेवा, हजार-बाराशे शब्दांची.