दाइम्योला मराठीत काय म्हणायचं? सरदार, सरंजामदार की वतनदार?

जपानी इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडले. 'दाइम्यो'ला सरदार लिहिलं, दोन ओळींनी सामुराई आला, त्यालाही सरदारच लिहून बसले, आणि मग 'सरदाराने आपल्या सरदाराला बोलावलं' असलं वाक्य झालं. कुणी सुचवा प्लीज.

— सामुराईला सरदार नका हो म्हणू, सामुराईच राहू द्या. तो शब्द 'साबुराऊ' या जुन्या क्रियापदावरून आलाय, म्हणजे मोठ्या माणसाजवळ राहून सेवा करणं, आपण 'अमक्याच्या पदरी होता' म्हणतो ना, अगदी ते. आणि हे लोक ज्याच्या पदरी तो दाइम्यो. शब्दशः 'मोठं नाव', पण हे नाव जमिनीला लागलेलं, आपल्याकडे सातबाऱ्यावर लागतं तसं, ज्याच्या नावावर भरपूर भातशेती तो मोठं नाव. पुढे 1603 ला तोकुगावा घराण्यातले शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी सर्वेसर्वा झाले, त्यांच्या काळात तर आकडाच ठरला, 10,000 कोकू किंवा वर उत्पन्नाचा मुलूख असेल तर दाइम्यो. एक कोकू म्हणजे साधारण 180 लिटर तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा धरायचे. कानाझावाचं माएदा घराणं तर 10 लाख कोकूंच्या वर होतं!

माझं मत सरंजामदार. सरंजाम म्हणजे फौज बाळगायला नेमून दिलेला मुलूख, आणि वरून हुकूम आला की तो जाऊ शकतो. शोगुन नेमकं हेच करायचा, दाइम्योला उचलून दुसऱ्या मुलखात टाकायचा, नाहीतर सगळंच काढून घ्यायचा. 1701 मध्ये आकोचा दाइम्यो आसानो नागानोरी याने एदोला (आजचं टोकियो) शोगुनच्या किल्ल्यात किरा नावाच्या दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली, त्याच दिवशी त्याला सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या करायला लावलं आणि आको खालसा. त्याचे सामुराई एका फटक्यात रोनिन, म्हणजे 'लाटेवरचा माणूस', कुणाच्याच पदरी नसलेला. त्यातल्याच 47 जणांनी पुढे किराला मारून सूड घेतला. ही गोष्ट लिहिताना 'खालसा' आणि 'पदरी' हे दोन शब्द आयते मिळतात, मला तर फार आनंद होतो याचा.

— पण सात्सुमाचं शिमाझू घराणं? कामाकुरा काळापासून, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून, 1871 ला संस्थानं बरखास्त होईपर्यंत त्याच भागात पाय रोवून. त्यांना वतनदार म्हणावंसं वाटतं.

— पटतंय, पण वतनदार म्हटलं की मराठी वाचकाला गावचा पाटील, कुलकर्णी, देशमुख दिसतो. शिमाझू त्याहून फार मोठे. आणि सरंजामही आपल्याकडे पुढे पिढीजात झालेच की, त्यामुळे शब्द मोडत नाही. हां, 'हातामोतो' आला तर मात्र थांबा. 'झेंड्याच्या पायथ्याचा' असा अर्थ आहे, 10,000 कोकूंच्या आतला, थेट शोगुनच्या पदरचा आणि त्याला भेटायचा हक्क असलेला. त्याला सरंजामदार अजिबात नको, 'हुजुरातीतला' लिहा, धन्याची खास फौज म्हणजे हुजुरात.

— वा, माझं वाक्य सुटलं! 'सरंजामदाराने पदरच्या सामुराईला बोलावलं.' आता फक्त एक, तो गुडघे टेकून 'तोनो' म्हणतो, ते?

— 'तोनो' म्हणजे मुळात वाडा, मग वाड्याचा मालक. 'धनी' लिहा.